गृहपाठ मुलाचा, स्वाध्याय घराचा

(कुटुंब प्रबोधनाच्या कार्यक्रमातील व्याख्यानाचे शब्दांकन)



दिवेलागणीला शुभंकरोती होते आणि मूल मराठीची वही उघडून बसते. गणित-विज्ञानासाठी शिकवणी लावलेली असते. मराठी मात्र ‘घरचीच भाषा’ म्हणून शेवटी उरते. आई स्वयंपाकघरातून उत्तर सांगते, वडील मार्गदर्शक पुस्तकातील परिच्छेद उतरवून घ्यायला सांगतात आणि आता तर भ्रमणध्वनीवर प्रश्न विचारताच तयार निबंध हाती येतो. वही पूर्ण होते. पण मुलाची विचारशक्ती जिथल्या तिथे राहते.

व्याकरणाचेच पाहावे. ‘मुलाने आंबा खाल्ला’ या वाक्याचा प्रयोग कोणता, असा प्रश्न असतो. ‘कर्मणी’ असे सांगून पालक मोकळे होतात. त्याऐवजी मुलाला कर्ता बदलायला सांगावे. ‘मुलीने आंबा खाल्ला’; क्रियापद तसेच राहिले. आता कर्म बदलावे. ‘मुलाने चिंच खाल्ली’, क्रियापद बदलले. क्रियापद कोणाचे ऐकते, हे मुलानेच शोधून काढले, की तो नियम त्याच्या मालकीचा होतो.

शुद्धलेखनाचेही तसेच. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि १९७२ साली त्यांत भर पडून ते अठरा झाले. ते पाठ करण्यापूर्वी मुलाने ‘फूल’ व ‘फुलाला’, ‘दूध’ व ‘दुधाला’ अशा जोड्या लिहून पाहाव्यात. मग ‘शरीर’चे ‘शरीरात’ होताना ‘री’ दीर्घच का राहते, हा प्रश्न त्यालाच पडतो आणि तत्सम शब्दांची ओळख आपोआप होते.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीच्या ध्यासातून मराठीला अनेक शब्द दिले. ‘दिनांक’ हा त्यांतलाच एक. मूल तो रोज वहीच्या कोपऱ्यात लिहिते; दिन अधिक अंक, हा संधी तिथेच शिकविता येतो. ‘हुतात्मा’ हाही त्यांचाच शब्द. हुत आहे आत्मा ज्याचा तो, असा बहुव्रीहीचा विग्रह करताना मुलाला समासाबरोबरच त्या शब्दामागील समर्पणही समजते. व्याकरण आणि संस्कार यांची अशी सांगड कोणत्याही तयार उत्तरात सापडत नाही.

साहित्याच्या बाबतीत पहिला नियम मोठ्याने वाचण्याचा. शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ लोकभाषेत सांगितला, तो ऐकणाऱ्यांसाठी. ओवी कानांवर पडल्याखेरीज तिचे रसग्रहण होत नाही. घरात अभंग म्हणणारी आजी असेल, तर तिच्याइतका उत्तम शिक्षक नाही. मुलाने प्रथम स्वतःच्या शब्दांत अर्थ सांगावा. मार्गदर्शक त्यानंतर उघडावे. पालकांचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाले असेल, तरी संकोचाचे कारण नाही. शब्दकोश मध्ये ठेवून दोघांनी मिळून शोधावे. ‘मलाही ठाऊक नाही, चल पाहू’ हे आईवडिलांचे वाक्य मुलाला फार काही शिकवून जाते.

परंतु ज्या घरात शब्दकोश नाही, विचारावे असे कोणी नाही, तिथे काय? सेवावस्तीतील मुलाचे आईवडील कामावरून परततात, तेव्हा त्याचे डोळे मिटू लागलेले असतात. ते ‘पानी’ लिहिते आणि वर्गात हसू होते. एकदा हसू झाले, की ते मूल हात वर करीत नाही. पुढे शाळेतही येत नाही. त्याला सांगावे, की ‘पानी’ ही तुझ्या आईची बोली आहे, ती चूक नव्हे; ‘पाणी’ ही सर्वांना जोडणारी प्रमाणभाषा आहे, तीही तुझीच आहे. समरसता ही इतकी साधी आणि इतकी अवघड गोष्ट आहे.

२०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने तिला अभिजात भाषेचा दर्जा दिला. शासनाने करावयाचे ते शासनाने केले. पुढचे काम घराघरांतील आहे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या मुलासाठी रोज अर्धा तास आणि वस्तीतील अभ्यासिकेसाठी आठवड्यातून दोन तास द्यावेत. जाताना स्वतःचे मूलही सोबत न्यावे. दोन्ही मुले एकाच सतरंजीवर बसून एकाच वाक्याचा प्रयोग शोधतील, तेव्हा भाषेचा आणि समाजाचाही गृहपाठ पूर्ण होऊ लागेल.