गाडीची पडवी

नागपुराहून हावड्याकडे निघालेली आगगाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव अशी एकेक स्थानके मागे टाकीत दुर्गला येते, आणि दुर्ग सोडताच भिलाईच्या कारखान्याची उंच धुराडी दिसू लागतात. सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारातून येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर त्याची वसाहतही वसली. सरळ रस्ते, दुतर्फा झाडे, क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर आणि त्यांतील सारख्या बांधणीची घरे असे तिचे रूप आहे. नोकरीच्या निमित्ताने आलेली अनेक मराठी कुटुंबेही येथेच स्थिरावली.

ही घरे आखली गेली त्या काळी कामगाराचे वाहन म्हणजे सायकल. रात्री ती व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवली की काम भागे. पुढे स्कूटर आली. तीही कशीबशी पायरी चढून आत जाई. मोटार मात्र पायरी चढत नाही. म्हणून वसाहतीत काय किंवा नेहरूनगर, स्मृतिनगर यांसारख्या वस्त्यांत काय, घरापुढच्या मोकळ्या जागेत चार खांब आणि वर एक छप्पर अशी नवी वास्तू दिसू लागली. इंग्रजीत तिला 'कारपोर्ट' म्हणतात. भिलाईत सरसकट 'शेड' म्हणतात. छत्तीसगडी घराला पुढे परछी असते, मराठी घराला पडवी असते. या नात्याने तिला गाडीची पडवी म्हणावयास हरकत नाही.

या पडवीला भिंती नसतात, आणि म्हणूनच ती बांधणे सोपे आहे अशी सर्वांची समजूत असते. घर बांधताना जो गृहस्थ चार जणांचा सल्ला घेतो, तोच पडवीच्या वेळी कोपऱ्यावरच्या वेल्डरला बोलावतो, दोन बोटांनी जागा दाखवतो आणि भाव ठरवून मोकळा होतो. वस्तुतः भिंती नसणे हीच या वास्तूची खरी अडचण आहे. ती कशी, हे छप्पर आणि सांगाडा यांचा विचार झाल्यावर ध्यानात येईल.

प्रथम मापे. लहान मोटार चार मीटरांच्या आत लांब आणि पावणेदोन मीटरांच्या आसपास रुंद असते. परंतु तिचे दार उघडावे लागते आणि त्यातून एखाद्या वृद्ध माणसाला सावकाश उतरावे लागते. म्हणून तीन मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब एवढी जागा धरणे बरे. याचे छप्पर साडेसोळा चौरस मीटरांचे होते. या आकड्याचे काम पुढे पडणार आहे.

छपरासाठी आज अनेक वस्तू मिळतात. छत्तीसगडातील खेड्यांत देशी खापऱ्यांचे छप्पर अजून दिसते. त्याखाली गारवा असतो, पण दरवर्षी ते शाकारावे लागते. मंगळुरी कौले अधिक नेटकी. परंतु त्यांचे वजन चौरस मीटरला चाळीस किलोंच्या घरात जाते आणि सांगाडा त्या मानाने भक्कम करावा लागतो. 'सिमेंटचा पत्रा' या साध्या नावाने विकला जाणारा ॲस्बेस्टॉसचा पत्रा स्वस्त असतो. मात्र तो कापताना आणि त्याला भोके पाडताना उडणारी धूळ फुप्फुसांचे गंभीर रोग ओढवते. या धंद्यातील कामगारांच्या आरोग्याविषयी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली महत्त्वाचा निर्णय दिला, आणि अनेक देशांनी तर या वस्तूवर बंदीच घातली. मुले जेथे खेळतात त्या अंगणात ती न आणणेच शहाणपणाचे.

पॉलिकार्बोनेटचा अर्धपारदर्शक पत्रा दिसावयास सुंदर असतो. त्याखाली अंधार होत नाही आणि खोलीचा उजेडही अडत नाही. तथापि त्याच्या दोन खोडी जाणून घेतल्या पाहिजेत. त्याच्या एका बाजूवर सूर्याच्या अतिनील किरणांपासून रक्षण करणारा लेप असतो; ती बाजू वर न ठेवता उलटी बसविली, तर पत्रा पिवळा पडून काही वर्षांतच ठिसूळ होतो. दुसरी खोड प्रसरणाची. सहा मीटर लांबीचा पोलादी पत्रा पन्नास अंशांच्या फरकाने साडेतीन मिलिमीटर वाढतो. तेवढ्याच लांबीचे पॉलिकार्बोनेट सुमारे वीस मिलिमीटर वाढते. पौषातली पहाट आणि वैशाखातली दुपार यांत भिलाईच्या छपराला एवढा फरक सहज सोसावा लागतो. म्हणून त्याची भोके स्क्रूपेक्षा मोठी ठेवावी लागतात. ती घट्ट ठेवली की पत्रा भोकापाशी तडकतो, आणि दोष मात्र दुकानदाराच्या माथी येतो.

उरला पन्हळी पत्रा. बहुतेक घरांनी शेवटी त्याचीच निवड केली आहे आणि ती योग्यच आहे. कागदाचे पान एका कडेने धरले तर ते वाकून खाली लोंबते. त्यालाच पंख्यासारख्या घड्या घातल्या तर ते ताठ उभे राहते. पन्हळीचे सारे रहस्य एवढेच. १८२९ साली लंडनच्या गोदीतील अभियंता हेन्री पामर याने तिचे पेटंट घेतले. १८३७ साली फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याने लोखंडावर जस्त चढविण्याच्या रीतीचे पेटंट घेतले, आणि या दोन कल्पनांच्या मिलाफातून जगभर पसरलेला हा पत्रा निर्माण झाला. जस्ताचा गुण असा की ते स्वतः झिजते आणि शेजारच्या लोखंडाला वाचविते. आजच्या रंगीत पत्र्यात जस्ताच्या किंवा जस्त-ॲल्युमिनियमच्या थरावर रंगाचा लेप असतो. रंग निवडताना घराच्या दाराशी तो शोभतो की नाही एवढेच पाहिले जाते. परंतु मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत चढणाऱ्या गावात पांढरा किंवा अगदी फिका रंगच हितकर, कारण तो उन्हाचा मोठा भाग परतवून लावतो.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. रुळांसाठी देशभर नाव मिळविलेल्या भिलाईच्या कारखान्यात जाड प्लेटा, अँगल, चॅनेल, सळया तयार होतात. छपराचा पातळ पत्रा येथे तयार होत नाही. जस्त चढविलेल्या पत्र्यासाठी सार्वजनिक क्षेत्रातले नाव राउरकेल्याचे. म्हणजे पोलादनगरीतल्या पडवीचा सांगाडा गावचा असू शकतो, पण तिची टोपी परगावचीच असते.

सांगाड्यासाठी साल किंवा सागवान वापरता येईल. पण लाकूड महाग झाले आहे आणि वाळवी काही सोडत नाही. ॲल्युमिनियम हलके आणि न गंजणारे, परंतु किमतीने जड. तेव्हा पोलादच आले. त्यातही आज पसंती चौकोनी पोकळ पाइपला आहे. तो दिसतो सुबक आणि वजनाच्या मानाने बळकट असतो. मात्र त्याचा शत्रू आत दडलेला असतो. वरचे तोंड उघडे राहिले की पावसाचे पाणी आत शिरते, आणि बाहेरून रंग चकाकत असता आतून गंज चढत जातो. तोंडे झाकणे हे दहा मिनिटांचे काम आहे. न झाकल्याची किंमत काही वर्षांनी कळते. पोकळ पाइपपेक्षा अँगलचा सांगाडा ओबडधोबड खरा. पण त्याचे सर्व अंग डोळ्यांना दिसते, ब्रशलाही पोहोचता येते. जस्त चढविलेला पाइप घेतला तर वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जाते. तेथे जस्तयुक्त रंगाचा हात दिला नाही, तर गंज नेमका सांध्यापासून सुरू होतो. शिवाय त्या जळत्या जस्ताचा धूर वेल्डरच्या नाकातोंडात जातो. त्याने तोंड झाकून मोकळ्या हवेत काम करावे, एवढी काळजी घरमालकाने वाहिली पाहिजे.

भाव ठरविताना एक सावधगिरी हवी. काम चौरस फुटाच्या दराने दिले, तर पाइप जितका पातळ तितका कारागिराचा नफा अधिक. वजनाच्या दराने दिले, तर गरजेपेक्षा जास्त लोखंड घालण्याचा मोह होतो. म्हणून दर कोणताही असो, पाइपचे माप आणि त्याची जाडी कागदावर लिहून घ्यावी. पंचाहत्तर मिलिमीटर चौकोनी, तीन मिलिमीटर जाड पाइपचे वजन मीटरला पावणेसात किलोंच्या आसपास भरते. तुकडा तराजूत टाकला की खरे-खोटे कळते.

आता मूळ अडचणीकडे वळू. छप्पर म्हटले की त्याचे ओझे खाली येते आणि खांबांनी ते पेलावयाचे, अशीच आपली सहज कल्पना असते. उघड्या पडवीचे गणित याच्या उलट आहे. भिंती असलेल्या घरात वारा सहजासहजी शिरत नाही. येथे तो छपराखाली शिरतो, आणि वरून वाहणारा वारा त्याच वेळी पत्र्याला वर ओढतो. भारतीय मानकात रायपूरसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर, धरला आहे. भिलाई त्याच्या शेजारीच आहे. मानकातील सूत्राने या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो येतो. आपल्या साडेसोळा चौरस मीटरांच्या छपराला हा सारा दाब वर उचलू लागला, तर तो दीड हजार किलोंच्या पलीकडे जातो. निम्माच धरला तरी साडेसातशे किलो होतात. आणि छपराचे वजन किती? पत्रे ऐंशी किलो, सांगाडा सव्वादोनशे. सगळे मिळून जेमतेम तीनशे. अर्थात मोठ्या वादळात ही पडवी कोसळण्याची नव्हे, तर उडण्याची भीती असते. नागपूरसाठी हाच वेग ४४ मीटर आहे. तेथे दाब आणखी चतुर्थांशाहून अधिक वाढतो.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर एकाएकी आभाळ भरून येते, धुळीचे लोट उठतात आणि घटकाभरात अंधड येऊन जातो. अशा वेळी सुटलेला पत्रा आपल्या अंगणात पडत नाही. तो शेजाऱ्याच्या अंगणात, विजेच्या तारांवर किंवा रस्त्यावरच्या सायकलस्वारावर जातो. म्हणून पडवीचा प्रश्न केवळ मालकाच्या मोटारीचा राहत नाही.

या ओढीला उत्तर जमिनीतून द्यावे लागते. प्रत्येक खांबाखाली पंचेचाळीस सेंटिमीटर लांब-रुंद आणि पाऊण मीटर खोल खड्डा घेऊन काँक्रीट भरले, तर एकेका पायाचे वजन साडेतीनशे किलोंच्या वर जाते. छपराच्या वजनासह चार पायांनी मिळून ते वर सांगितलेल्या पूर्ण ओढीलाही पुरे पडते. छपराची मापे वाढली की हे गणित अभियंत्याकडून पुन्हा करवून घ्यावे. फरशीवर चार बोल्टांनी खांब उभे करण्याची जी सोपी रीत रूढ आहे, तिच्यात जमिनीखालचे हे वजन मुळीच नसते.

जमिनीची जातही पाहावी लागते. छत्तीसगडचा शेतकरी मातीला भाठा, मटासी, डोरसा, कन्हार अशी नावे देतो. भाठा मुरमाड आणि घट्ट. तिच्यात पाया स्वस्थ बसतो. कन्हार काळी, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीत उथळ पाया वर्षागणिक हलतो, खांब कलतात आणि सांधे सैल होतात. तेथे खड्डा खालच्या घट्ट थरापर्यंत नेण्यावाचून गत्यंतर नाही.

पाया भक्कम झाला तरी पत्रा सांगाड्याला किती घट्ट धरला आहे, यावर शेवट अवलंबून असतो. वाऱ्याची ओढ कडांवर आणि कोपऱ्यांवर सर्वांत अधिक असते. म्हणून तेथे हूक बोल्ट किंवा स्क्रू जवळजवळ घालावे. ते पन्हळीच्या खळग्यात न घालता माथ्यावर घालावे, म्हणजे पाणी भोकापाशी साचत नाही. वॉशर रबरी आणि चांगल्या प्रतीचा असावा. साऱ्या पडवीत स्वस्तात स्वस्त वस्तू हीच, आणि काटकसर नेमकी हिच्यावरच केली जाते.

पाण्याचाही विचार हवा. पावसाळ्याचे ११०० मिलिमीटर धरले, तरी एवढ्याशा छपरावरून वर्षाला अठरा हजार लिटर पाणी वाहते. त्याचा उतार शेजाऱ्याच्या भिंतीकडे ठेवला, तर वळचणीचे पाणी हेच भांडणाचे मूळ होते. कडेला पन्हळ लावून ते आपल्याच बागेत किंवा शोषखड्ड्यात सोडावे. घर कंपनीचे असेल तर कंपनीची आणि स्वतःचे असेल तर महानगरपालिकेची परवानगी आधी घ्यावी. हद्दीपासून सोडावयाची जागा हीसुद्धा शेजारधर्माचीच लेखी बाजू आहे.

मृगापूर्वी घर शाकारण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पोलादी पडवीला कौले फिरवावी लागत नाहीत, पण ती अगदीच विसरून चालत नाही. भिलाईत वारा पावसाच्या आधी येतो. म्हणून होळी झाली की एका रविवारी शिडी लावावी, सैल झालेले बोल्ट आवळावे, फाटलेले वॉशर बदलावे आणि गंजाचा ठिपका दिसेल तेथे खरवडून रंगाचा हात द्यावा. एका सकाळचे हे काम आहे, आणि ते वेळेवर झाले तर वैशाखातल्या अंधडात घरच्यांना आणि शेजाऱ्यांना निर्धास्त बसता येते.