परिचारिकेची नोंदणी आणि तिचा पगार

घरांत कोणी अंथरुणाला खिळलें म्हणजे सुशिक्षित कुटुंबांतहि पहिली विचारपूस होते ती चांगल्या 'सिस्टर'ची. रात्रीं दोन वाजतां सलाईन बदलणारी, घाबरलेल्या नातेवाइकांना दोन शब्दांनीं धीर देणारी ही बाई तेवढ्या दिवसांपुरती घरचीच होऊन जाते. रुग्ण बरा होऊन परतला कीं तिला महिन्याकाठीं काय मिळतें, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणाच्या मनांत येतो. आणि आपल्याच मुलीनें हा पेशा पत्करावा असें कोणी सुचविलें, तर रात्रपाळीचें नांव निघून बोलणें तेथेंच थांबतें.

हा संकोच जुना आहे. रमाबाई रानडे यांनीं 1909 सालीं पुण्यास सेवासदन सुरू केलें आणि पुढें तेथील बायकांना ससून रुग्णालयांत परिचर्या शिकण्यास धाडलें, तेव्हां पांढरपेशा समाजांत हें काम हलकें समजलें जात असे. त्याच्याहि आधीं, 1897 च्या प्लेगांत, सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगास बळी पडल्या. या कामास कायद्यानें विद्येचा दर्जा दिला तो मागाहून. मुंबई इलाख्यांत परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा 1935 सालीं झाला, साऱ्या देशासाठीं 1947 सालीं, आणि महाराष्ट्राचा स्वतःचा 1966 सालीं. भोर समितीनें 1946 सालीं हिशेब मांडला तेव्हां ब्रिटिश हिंदुस्थानांत 43,000 लोकसंख्येमागें एक परिचारिका होती! आतां परिचर्या शिकविणाऱ्या संस्था पुष्कळ झाल्या आहेत. तरीहि रुग्णालयांत हात अपुरे पडतात आणि शिकलेली मुलगी कामासाठीं वणवण हिंडते, या दोन्ही गोष्टी एकाच शहरांत एकाच वेळीं खऱ्या असतात. त्यांतील कोडें कागदाचें आहे: कोणाच्या नेमणुकीच्या कागदावर काय लिहिलेलें आहे, याचें.

साक्री किंवा शिरपूर तालुक्यांतील एखाद्या कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी डोळ्यांपुढें आणावी. बारावीनंतर दोन वर्षांचा ए. एन. एम., तीन वर्षांचा जी. एन. एम. किंवा चार वर्षांचा बी. एस्सी. नर्सिंग, असे तीन रस्ते तिच्यापुढें असतात. ती मधला धरते. बाप फीसाठीं कर्ज काढतो. परीक्षा उतरून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नांव दाखल झालें कीं ती 'नोंदणीकृत' होते, आणि त्या दिवशीं घरांत पेढे वाटले जातात. तिच्यापाशीं आणखी एक विद्या असते, ती कोणत्याहि प्रमाणपत्रावर नसते. खेड्यांतून आलेली म्हातारी वॉर्डांत 'पोट दुखस' म्हणून कण्हूं लागली, तर अहिराणी घरांत वाढलेली ही मुलगी ताबडतोब पुढें होते. बाहेरगांवच्या डॉक्टराला तेंच दोनदां विचारावें लागतें.

आतां पगाराकडे वळूं. शासकीय रुग्णालयांत, उदाहरणार्थ धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत, तिला 'अधिपरिचारिका' हें पद मिळूं शकतें. सातव्या वेतन आयोगाच्या राज्यांतील कोष्टकाप्रमाणें या पदाची श्रेणी 35,400 ते 1,12,400 रुपये आहे. महागाई भत्ता आणि घरभाडें निराळें. केंद्राच्या संस्थांत, नागपूरच्या 'एम्स'सारख्या ठिकाणीं, आरंभच 44,900 रुपयांवर होतो. पुढें परिसेविका, मग अधिसेविका अशा पायऱ्या आहेत, त्या चढावयास मात्र पुष्कळ वर्षें लागतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखालीं जिल्ह्याजिल्ह्यांत निघणाऱ्या कंत्राटी जागांचें मानधन गेल्या कांहीं वर्षांच्या जाहिरातींत महिना 20,000 रुपये दिसतें. काम तेंच आणि रात्रहि तितकीच लांब. करोनाच्या सांथींत, 2020 व 2021 सालीं, कित्येकींना अशा नेमणुकींवर घाईनें बोलाविलें गेलें आणि सांथ ओसरतांच निरोप दिला गेला.

खाजगी रुग्णालयांत तर पगार ठरतो तो समोरासमोर, आणि पुष्कळदां तोंडींच. 'आधीं शिकून घ्या, मग पाहूं' हें तेथील नेहमींचें वाक्य. तीन वर्षें शिकून आलेल्या मुलीला आणखी काय शिकावयाचें उरतें, हें विचारण्याचें धैर्य तिला नसतें आणि बापाला तर त्याहून नसतें. या बाबतींत एक माप उपलब्ध आहे, तें घरोघर ठाऊक असावयास हवें. परिचारिकांच्या अखिल भारतीय संघटनेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें 29 जानेवारी 2016 रोजीं निकाल दिला. त्याप्रमाणें नेमलेल्या केंद्रीय समितीनें असें सुचविलें कीं, 200 हून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयांत शासकीय परिचारिकेइतकेंच वेतन असावें. 100 हून अधिक खाटा असल्यास तें शेंकडा 10 पेक्षां अधिक कमी नसावें. 50 ते 100 खाटा असल्यास शेंकडा 25 पेक्षां अधिक कमी नसावें. आणि 50 खाटांच्या आंत झालें तरी महिना 20,000 रुपयांच्या खालीं जाऊं नये. नुसतें मूळ वेतन धरून हिशेब केला, तरी 60 खाटांच्या रुग्णालयांत हा आंकडा 26,550 रुपये येतो. मात्र ही शिफारस आहे. ती अमलांत आणणें राज्यांवर सोंपविलेलें आहे. केरळांतील परिचारिकांनीं लढा दिला तेव्हां तेथील सरकारनें 2018 सालीं किमान वेतनाच्या अधिसूचनेनें 20,000 रुपयांचा तळ बांधून दिला. इतरत्र ती बहुतांशीं कागदावरच राहिली. तरीहि मुलाखतीच्या वेळीं रुग्णालयाच्या खाटा किती आहेत हें विचारून ठेवावें. या एका प्रश्नानें बोलण्याचा सूर बदलतो.

नेमणुकीचें पत्र लेखी मागावें. त्यांत पद, पगार, पाळी, साप्ताहिक सुटी आणि नोकरी सोडतांना द्यावयाची सूचना, इतकें स्पष्ट असावें. वीस किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणीं भविष्यनिर्वाह निधि कापला जातो कीं नाहीं हेंहि पाहावें. मूळ प्रमाणपत्रें मात्र कोणाच्याहि कपाटांत ठेवूं देऊं नयेत. पडताळून पाहण्यास दाखवावीं, छायाप्रती द्याव्या, आणि अस्सल कागद त्याच पिशवींतून घरीं आणावे. कागद अडकले म्हणजे चांगली जागा चालून आली तरी मुलगी अडकते.

शासकीय भरतीची वाट पाहणें हा एक स्वतंत्र व्यवसायच होऊन बसला आहे. वैद्यकीय शिक्षण विभाग, सार्वजनिक आरोग्य विभाग, महानगरपालिका, रेल्वे, एम्स, प्रत्येकाची जाहिरात वेगळी आणि मुदत वेगळी. त्या मुदतींत नोंदणीचें नूतनीकरण झालेलें नसलें, किंवा जातवैधतेचा दाखला हातीं नसला, तर अभ्यास केलेला असूनहि अर्ज पडून राहतो. नूतनीकरण दर पांच वर्षांनीं करावें लागतें. खाजगी रुग्णालयांत बारा तास उभें राहून आलेल्या मुलीनें परीक्षेचा अभ्यास केव्हां करावा, याचें उत्तर मात्र कोणत्याहि जाहिरातींत नसतें.

खानदेशांतील पुष्कळ कुटुंबें पोटासाठीं सुरतेस गेलेलीं आहेत, आणि नंदुरबार, दोंडाईच्याकडून त्या शहरीं गाडी थेट जाते. तेव्हां परिचारिकेचेंहि लक्ष तिकडे जावें हें स्वाभाविकच. परंतु राज्य बदललें कीं परिषद बदलते. महाराष्ट्राच्या परिषदेकडून कागद घेऊन गुजरातच्या परिषदेकडे नांव दाखल करावें लागतें. परदेशचा रस्ता याहून लांब आहे. आखाती राष्ट्रांसाठीं परिचारिकांना 2015 पासून शासनाची उत्प्रवासन परवानगी लागते, आणि परवानाधारक दलालालाहि उमेदवाराकडून 30,000 रुपये व त्यावरील कर यांहून अधिक घेतां येत नाहीं. लाखांची गोष्ट करणाऱ्यापासून दूर राहावें. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांताशीं महाराष्ट्र शासनानें फेब्रुवारी 2024 मध्यें करार केला, त्यांत परिचारिकांचाहि समावेश आहे. तेथें अडतें तें जर्मन भाषेपाशीं, आणि ती वर्षभराच्या चिकाटीवांचून येत नाहीं.

हें सारें जमून धुळ्यांतच काम मिळालें, तर राहावयास खोली लागते. देवपुरांत खोली पाहावयास गेलेल्या परिचारिकेला 'दहानंतर फाटक बंद' असें सांगणारे घरमालक सुशिक्षितच असतात. दुपारची पाळी सुटून, पुढच्या सिस्टरला रुग्ण समजावून देऊन, रिक्षा मिळेपर्यंत दहा वाजून जातात. रात्रपाळीची तर सकाळीं नवाला परतते आणि दिवसा झोंपते. तिला फाटकाची एक किल्ली निराळी करून द्यावी लागते, एवढेंच.