उघड्यावरची बाज आणि कोरडा रांजण

(संस्थेच्या बुद्धपौर्णिमा कार्यक्रमात दिलेले भाषण)



वैशाख पौर्णिमा म्हटली की उकाडा आलाच. तथागतांचा जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण या तिन्ही घटना याच पौर्णिमेच्या, असे परंपरा मानते. आणि तिन्ही घडल्या त्या झाडाखाली. लुंबिनीत शालवृक्ष, उरुवेलेला पिंपळ, कुशीनाऱ्यात जोड शालवृक्ष. डोक्यावर छप्पर कुठेच नाही. म्हणून आज पंख्याखाली बसून का होईना, उघड्यावरच्या जगण्याविषयी थोडे बोलावे असे मनात आले.

आमच्या पिढीला हे जगणे शिकायला शिबिराची गरज पडली नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे एमआयडीसीने भोसरी-चिंचवडची माळराने घेतली आणि गावोगावचे आपले लोक हाताला काम शोधत इकडे आले. राहायला दहा बाय दहाची खोली, वर पत्रा. एप्रिल-मे महिन्यांत तो पत्रा मध्यरात्रीपर्यंत निवत नसे. मग सगळी चाळच अंगणात झोपायची. कुणाची बाज, कुणाची वाकळ, कुणाची नुसती चटई. पण त्या अंगणाला कायदा होता, आणि तो कुणी लिहिलेला नव्हता. वाट सोडून अंथरूण टाकायचे, कारण दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री उशिरा घरी येणार. रेडिओ दहानंतर बंद. आणि ज्याने बाज बाहेर काढली त्यानेच ती सकाळी आत न्यायची. एकदा माझी बाज तशीच राहिली आणि वळवाच्या पावसात भिजली. बाज शेजाऱ्यांची होती. आईने मला ती उन्हात वाळवायला लावली, पुन्हा ओढून बांधायला लावली, आणि मगच जेवायला वाढले.

हा कायदा आमच्या चाळीचा असे मी समजत होतो. पुढे विनयपिटक वाचायला घेतले तेव्हा पाचित्तिय नियमांत चौदावा नियम भेटला आणि हसू आले. थंडीच्या दिवसांत भिक्खूंनी संघाच्या खाटा उघड्यावर काढल्या, उन्हात अंग शेकले, आणि वेळ झाली तेव्हा खाटा तशाच टाकून निघून गेले. अंथरूण-पांघरूण भिजले. तथागतांच्या कानावर गेले आणि नियम झाला : संघाची खाट किंवा आसन उघड्यावर काढणाऱ्याने जाण्यापूर्वी ते स्वतः आत ठेवावे, दुसऱ्याकडून ठेववून घ्यावे, निदान कुणाला सांगून जावे. पावसाचे महिने सोडून इतर आठ महिने मांडवात किंवा झाडाखाली ठेवायला हरकत नाही, पण तिथे कावळे-गिधाडे विष्ठा करणार नाहीत हे बघावे, अशी सवलतही आहे. जगाला दुःखमुक्तीचा मार्ग सांगणारा शास्ता कावळ्याच्या विष्ठेचाही विचार करतो, हे मला फार मोठे वाटते.

संघाची वस्तू म्हणजे कुणाचीच नाही, असा अर्थ आपण लावतो. विहाराच्या सतरंज्या कोण उचलतो ते आज कार्यक्रम संपल्यावर पाहा. बहुधा तीच चार माणसे आणि दोन बाया असतील.

आता जे बोलणार आहे ते माझ्या कमीपणाचे आहे. मागच्या वर्षी आपण १४ एप्रिलला रस्त्यावर पाणपोई घातली. मांडव, रांजण, बाबासाहेबांचे छायाचित्र, फलक. पुढाऱ्यांनी पहिला पेला भरला, फोटो निघाले. एप्रिल संपता संपता रांजण कोरडा पडला. मी रोज त्याच रस्त्याने दूध आणायला जात होतो. कोरडा रांजण मी अकरा दिवस पाहिला आणि कुणीतरी भरेल म्हणून पुढे गेलो. बाराव्या दिवशी एक मजूर, बायको आणि कडेवर मूल, असे तिघे त्या मांडवाच्या सावलीत उभे होते. चाकणला ठेकेदाराकडे निघाले होते. त्याने मला विचारले, "काका, इथं पाणी कुठं मिळंल?" पाणपोईच्या फलकाखाली उभा राहून त्याने हे विचारले.

मित्रहो, २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते सार्वजनिक पाण्यावरच्या समान हक्कासाठी होते. तो हक्क ज्यांना लाठ्या खाऊन मिळवावा लागला, त्यांच्या फलकाखाली माणूस तहानलेला उभा राहतो, याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. घरून कळशी आणली, एवढेच.

विद्यार्थ्यांनी लोणावळा लोकलने मळवलीला उतरून भाजे लेणी जरूर पाहावीत. सगळे जण चैत्यगृह पाहतात. तुम्ही कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्याही बघा. एका टाक्याजवळ ब्राह्मी लिपीत कोरले आहे की ही पोढी, म्हणजे हे टाके, महारठी कोसिकीपुत्त विण्हुदत्त याचे दान आहे. नाव त्यानेही कोरले, फोटो आपणही काढतो, तिथवर आपण सारखेच. पण त्याने आधी टाके खोदून दिले. पावसाचे पाणी साठवून पुढचे कोरडे महिने काढायचे, हा त्या टाक्यांचा हिशेब. उन्हाळा कधी संपतो ते खोदणाऱ्यांना ठाऊक होते. संयुत्तनिकायात तथागत सांगतात की जे वृक्ष लावतात, पूल बांधतात, पाणपोई आणि विहीर देतात त्यांचे पुण्य रात्रंदिवस वाढते. रात्रंदिवस हा शब्द लक्षात घ्या. एका सकाळच्या कार्यक्रमाने ते कसे वाढणार?

चाकणच्या तळेगाव चौकात दुपारी दोन वाजता उभे राहून पाहा. कंटेनरची रांग, त्यातून वाट काढणारे ठेक्यावरचे कामगार, हातगाडीवाले, कंपन्यांच्या गेटवरचे पहारेकरी. ही आजची उघड्यावर जगणारी माणसे. महापालिकेने नोव्हेंबर २०१९ पासून आपल्याकडे दिवसाआड पाणी सुरू केले तेव्हा आपण किती ओरडलो! त्यांच्यासाठी दिवसाआडसुद्धा नळ नाही.

तेव्हा यंदा एकच रांजण, पण मृग लागेपर्यंत. रोज सकाळी सातच्या आत जुने पाणी झाडांना घालायचे, रांजण आतून घासायचा, पाणी गाळून भरायचे, झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे धुवायचे, वरचे गोणपाट ओले करायचे. वीस मिनिटांचे काम आहे. ज्याला जमणार नाही त्याने आदल्या रात्री दुसऱ्याला सांगावे, पाचित्तियातली तीच सवलत. दाराजवळ वही ठेवली आहे. सोमवारपुढे माझे नाव आहे, बाकीचे वार कोरे आहेत. परीक्षा संपलेल्या मुलामुलींनी खीर घेण्याआधी तिकडून जावे. पेन दोऱ्याला बांधलेले आहे, ते तिथेच राहू द्यावे.

जयभीम. नमो बुद्धाय.