सुधारलेली तब्येत



मराठीत ‘तब्येत सुधारली’ या शब्दप्रयोगाला दोन अर्थ आहेत. आजारी मनुष्य बरा झाला, हा एक. आणि तो अंगाने भरला, हा दुसरा. छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, या विकाराच्या औषधोपचारात हे दोन अर्थ वेगळे करून पाहणे अगत्याचे आहे. येथे मनाचे स्वास्थ्य आणि शरीराची स्थूलता पुष्कळदा एकाच गोळीतून येतात, आणि पहिल्याच्या आनंदात दुसरीकडे दुर्लक्ष होते.

रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरच्या रस्त्यावर, सिलतरा येथे पोलाद व स्पंज आयर्नच्या कारखान्यांची मोठी वसाहत आहे. तेथे भट्टीवर पाळीने काम करणारा एखादा तरुण कल्पनेत आणावा. सहकारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असे त्याला वाटू लागते, कोणी नसता आवाज ऐकू येतात, काम सुटते. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत आवाज मंदावतात, झोप लागते, आणि कालांतराने तो पुन्हा पाळीवर जाऊ लागतो. घरची मंडळी समाधान पावतात. परंतु भूकही वाढलेली असते. सकाळी बासी खाऊन निघालेला तो दुपारी भाताचे दुसरे ताट मागतो. गुंगी घालविण्यासाठी साखरेचा चहा वारंवार होतो. जुना पट्टा पुरेनासा होतो. शेजारी कौतुकाने म्हणतात, तब्येत सुधारली!

असे का घडते? ही औषधे मेंदूतील डोपामीन या द्रव्याच्या कार्यास आवर घालतात; भास व संशय त्यामुळे ओसरतात. परंतु त्यांपैकी काही औषधे हिस्टामीन व सेरोटोनिन यांच्या ग्राहकांनाही अडवितात, आणि पोट भरल्याची जाणीव मंदावते. भूक वाढते, हालचाल घटते. रक्तातील साखर व चरबी चढू लागते. क्लोझापीन व ओलान्झापीन यांच्या बाबतीत हा दोष विशेष तीव्र आहे. अरिपिप्राझोल, लुरासिडोन यांच्या बाबतीत तो बराच सौम्य आहे.

मग सौम्य औषधच सर्वांना का देऊ नये? अडचण येथेच आहे. अन्य औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या, १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्लोझापीनने ३० टक्के रुग्णांस गुण आला. जुन्या क्लोरप्रोमाझीनने केवळ ४ टक्क्यांस. पुढे २०२० साली १८ औषधांच्या १०० चाचण्यांची एकत्रित छाननी प्रसिद्ध झाली. तीत सुमारे २६,००० रुग्णांची माहिती होती. वजन व कोलेस्टेरॉल यांची वाढ आणि लक्षणांतील सुधारणा यांचा परस्परसंबंध तीत आढळून आला. गोऱ्या वंशाबाहेरील रुग्ण, पुरुष आणि मुळातच वजन अधिक असलेले रुग्ण यांना या बदलांचा धोका जास्त असल्याचेही तीत दिसले. भारतीय कुटुंबांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी.

या संबंधातून दोन चुकीचे निष्कर्ष निघू शकतात. पहिला असा की, वजन वाढले म्हणजेच औषध लागू पडले. वस्तुतः दोन गोष्टी सोबत चालतात एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही. वजन आटोक्यात ठेवल्याने मनाला आलेला गुण जातो, असे यातून मुळीच सिद्ध होत नाही. दुसरा निष्कर्ष अधिक घातक आहे: शरीर बिघडते, तेव्हा औषधच सोडावे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ६५ चाचण्यांच्या आढाव्यात औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांचा विकार वर्षभरात उलटला; औषधाऐवजी निष्क्रिय गोळी मिळालेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. फिनलंडमधील ११ वर्षांच्या पाहणीत तर औषध न घेणाऱ्या रुग्णांपेक्षा दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले, आणि ते क्लोझापीन घेणाऱ्यांत सर्वांत कमी होते. शरीराला जड जाणारे औषधही आयुष्य राखू शकते, ते असे.

यास्तव मार्ग मोजमापाचा आहे. उपचाराच्या आरंभीच वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर व चरबी यांची नोंद व्हावी. चौथ्या, आठव्या व बाराव्या आठवड्यात वजन पुन्हा घ्यावे. बाराव्या आठवड्यात रक्तही तपासावे. भारतीय पुरुषात कमरेचा घेर ९० सेंटिमीटर व स्त्रीत ८० सेंटिमीटर ही सावधगिरीची मर्यादा होय. मूळ वजनात ५ टक्के वाढ झाली, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे वजन तीन किलोंनी वाढले, की औषध बदलावे काय याचा विचार डॉक्टरांनी करावयाचा असतो. मधुमेहावरील मेटफॉर्मिन ही गोळीही अशा वेळी उपयोगी पडते. भट्टीजवळ काम करणाऱ्याने आणखी एक गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगावी: यांतील काही औषधांनी घाम कमी येतो व उष्मा बाधण्याचा धोका वाढतो. रात्रपाळी व गुंगी यांचीही सांगड घालून घ्यावी लागते.

तीव्र मानसिक विकाराचे रुग्ण इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी मृत्यू पावतात, आणि त्यामागे बहुतांशी हृदयविकारासारखे शारीरिक आजार असतात. सिलतऱ्याचा तो तरुण भासांतून सुटून पाळीवर परतला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु पन्नाशी गाठण्याआधीच त्याचे हृदय थकले, तर त्या परतण्याचे मोल कोण चुकविणार? म्हणून आवाज थांबले काय, हे विचारणाऱ्या कुटुंबाने आणि वैद्याने, प्रत्येक भेटीत, त्याला वजनकाट्यावरही उभे करावे.