बत्तीस पानांची चित्रकथा



तापी जेथे समुद्राला मिळते त्या हजिऱ्यास कारखान्यांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे येऊन राहिली आहेत. त्यांची मुले शाळेत गुजराती किंवा इंग्रजी शिकतात. मराठी उरते ती घरात बोलण्यापुरती. हिंदीमुळे देवनागरी अक्षर त्यांना परके नसते, पण छापील मराठी शब्दांपाशी ती अडखळतात आणि पुस्तक मिटतात. अशा वेळी मी ‘अमर चित्र कथे’ची जुनी मराठी पुस्तिका पुढे करते. धनुष्य ताणलेले असते, दाराआड कोणी उभे असते. पुढल्या चौकटीत काय घडले हे पाहिल्यावाचून मुलाला राहवत नाही. ‘प्रत्यंचा’ हा शब्द मग मला समजावून द्यावा लागत नाही. तो चित्रातच असतो.

ही माला १९६७ साली सुरू झाली. दिल्ली दूरदर्शनवरील प्रश्नमंजूषेत ग्रीक पुराणकथांविषयी पटापट उत्तरे देणाऱ्या मुलांना रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, ही हकीकत तिचे संस्थापक अनंत पै सांगत असत. गंमत अशी, की मालेचे पहिले दहा क्रमांक पाश्चात्त्य परीकथांचेच होते! अकरावा ‘कृष्ण’. तो पै यांनी लिहिला आणि राम वाईरकरांनी चितारला. वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम या मराठी चित्रकारांनी भारतभरच्या मुलांच्या डोळ्यांपुढे देव आणि राजे उभे केले.

मी ख्रिस्ती घरात वाढले. कौसल्येची आणि माझी ओळख याच पुस्तिकांनी करून दिली. शेजारच्या घरी चाललेल्या गोष्टींत मला बसायला जागा मिळाली ती त्यांच्यामुळे. तेव्हा या मालेविषयी मी कठोर होऊ शकत नाही. तरीही एक प्रसंग सांगितला पाहिजे. गेल्या पावसाळ्यात एका सावळ्या मुलीने पुस्तिका चाळता चाळता मला विचारले, “टीचर, राक्षस सगळे काळेच का हो?”

इतकी वर्षे मी ही पाने उलटली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी घाईघाईने ‘कृष्ण’ काढला आणि म्हटले, “हे बघ, कृष्ण म्हणजेच काळा.”

तिने चित्र बराच वेळ न्याहाळले. “पण हा तर निळा आहे,” ती म्हणाली, आणि पान उलटून पुढे वाचू लागली.