पेरणीआधी पाऊस मोजूया



मृग लागला की घरोघरी एकच प्रश्न असतो, पेरायचं की थांबायचं? दोन सरी आल्या की तिफण निघते आणि मग पंधरा-पंधरा दिवस पाऊस तोंड दाखवत नाही. दुबार पेरणीचं बियाणं येतं कुठून? पुष्कळदा आपल्याच बचत गटाच्या कर्जातून. म्हणून आज पावसाबद्दल बोलूया.

पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी देशातल्या आणि परदेशातल्या सहकाऱ्यांबरोबर १९५० ते २०१५ या काळातल्या पावसाच्या नोंदी तपासल्या. २०१७ साली त्यांनी निष्कर्ष मांडला, की मध्य भारतात पावसाळ्याचा एकूण पाऊस घटला, पण मोठ्या भागावर एकदम कोसळणारा पाऊस तिपटीने वाढला. कोसळणारा म्हणजे किती? एका दिवसात १५० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. एवढ्या पावसात एका एकरावर सहा लाख लिटर पाणी पडतं. ते मुरत नाही, माती घेऊन ओढ्याला जातं.

असं का होतं? अरबी समुद्रावरून येणारे वारे आता लहरी झालेत. मध्येच ते बाष्पाचा मोठा लोंढा आणतात. त्यात हवा जितकी गरम, तितकं बाष्प ती जास्त धरते. एका अंशाला साधारण सात टक्के. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून जग तापलंय. त्यात आपल्या चुलीचा वाटा थोडा, पण नुकसान मात्र आपल्या शेतात.

जगाचा धूर आपण एकट्या थांबवू शकत नाही. पण पाऊस मोजू शकतो. सपाट बुडाचा, सरळ उभा डबा घ्या. झाडापासून, भिंतीपासून दूर, उघड्यावर पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला मुलांच्या पट्टीने पाणी मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. पट्टीवरचा एक सेंटीमीटर म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस.

कृषी विभाग दरवर्षी सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. रोजच्या नोंदींची बेरीज तिथवर गेली आणि जमिनीत चांगली ओल दिसली, की मगच बियाण्याची पिशवी फोडायची.

आणखी एक. सरकारी मोजणी महसूल मंडळाच्या ठिकाणी होते आणि एका मंडळात बरीच गावं असतात. तिथे रिमझिम आणि आपल्याकडे ढगफुटी, असंही घडतं. आपली वही सरकारी कागद नाही. पण पंचनाम्याची मागणी करताना तारीख आणि आकडा सांगता आला, तर आपलं म्हणणं उडवून लावणं सोपं नसतं.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच ठरवूया, डबा कोणाच्या अंगणात आणि वही कोणाकडे.