बातमी आणणाऱ्याचा जीव



कामगार चळवळीतला माणूस युद्धवार्ताहरांवर काय बोलणार, असे आपल्यापैकी कोणाला वाटले असल्यास नवल नाही. मला मात्र हा विषय परका वाटत नाही. ज्या कामात मरण येऊ शकते ते काम कोण करतो, किती मजुरीवर करतो, आणि तो मेला तर त्याच्या घरच्यांचे काय होते, हे आमच्या युनियनचे रोजचे प्रश्न आहेत. युद्धाची बातमी आणणे हेही एक कामच आहे.

आरंभ आपल्या नगरापासूनच करू. बोअर युद्धातले कैदी १९०१ च्या सुमारास आफ्रिकेहून येथे आणून ठेवले होते. त्याच युद्धात १५ नोव्हेंबर १८९९ रोजी बोअरांनी एका इंग्रज वार्ताहराला पकडले. त्याचे नाव विन्स्टन चर्चिल. मी वार्ताहर आहे, मला सोडा, अशी त्याची मागणी होती. बोअरांचे म्हणणे असे की, चिलखती आगगाडीवर हल्ला झाला तेव्हा हा गृहस्थ लढणाऱ्यांच्या मदतीला धावला होता. पुढे तो पळून गेला, हा भाग निराळा. पण त्या वादातले तत्त्व आजही खरे आहे: वार्ताहर लढत नाही, यावरच त्याचे संरक्षण उभे आहे.

हे तत्त्व पुढे कायद्यात आले. सैन्याच्या परवानगीने सैन्याबरोबर जाणारा वार्ताहर पकडला गेला, तर त्याला युद्धकैद्याचे हक्क मिळाले पाहिजेत, असे १९४९ चा जिनिव्हा करार सांगतो. १९७७ च्या पुरवणी करारात तर स्पष्टच म्हटले आहे की, रणभूमीवरचा पत्रकार हा नागरिक समजावा. आपल्या देशाने १९४९ चे करार मान्य केले. १९७७ चा मात्र स्वीकारलेला नाही.

कागद चांगला आहे. पण कागदाने गोळी अडत नाही. पत्रकारांच्या संरक्षणासाठी न्यूयॉर्कमध्ये एक समिती काम करते. तिच्या नोंदीप्रमाणे २०२४ साली जगात किमान १२४ पत्रकार व त्यांचे सहकारी मारले गेले. त्यांतले ८५ इस्रायल-गाझा युद्धात, आणि त्यांतले ८२ पॅलेस्टिनी. बाहेरच्या बातमीदारांना गाझात स्वतंत्रपणे जाऊ दिले नव्हते. म्हणून तिथल्याच माणसाने बातमी पाठवायची आणि तिथेच मरायचे, अशी वाटणी झाली.

ही वाटणी दूरदेशीच होते असे नाही. आपल्या गडचिरोलीला लागून छत्तीसगडचा विजापूर जिल्हा आहे. तेथील मुकेश चंद्राकर हा स्वतंत्र बातमीदार. नक्षलवाद्यांच्या ताब्यातील एका जवानाची २०२१ साली सुटका झाली, तीत त्याचा वाटा होता. बंदुकांच्या त्या मुलखात तो वाचला. आणि रस्त्याच्या कामातील गैरव्यवहाराच्या बातमीनंतर जानेवारी २०२५ मध्ये त्याचे प्रेत एका शौचकूपाच्या टाकीत सापडले. आपल्या राजापुरात शशिकांत वारिशे यांचा फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडीखाली चिरडून जीव घेतला गेला. तेथे तर युद्धही नव्हते.

महाराष्ट्राने २०१७ साली पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. तीन वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. ही चांगलीच गोष्ट झाली. पण शिक्षा हल्ल्यानंतर येते. हल्ल्याआधी काय?

येथे मला आमच्या विडी कामगार भगिनींची आठवण होते. हजार विड्यांवर मजुरी, आणि छाट काढली तर तेवढ्या विड्यांचे श्रम पाण्यात. घरी बसून वळणारी बाई आमची कामगारच नव्हे, असे मालक म्हणत. ती कामगारच आहे, असे अखेर १९६६ च्या कायद्याने मान्य केले. आज गावोगावचा बातमीदार बातमीवर पैसे घेतो. छापली तर मजुरी, न छापली तर छाट. जोखीम संपूर्ण त्याची, आणि मथळा मात्र पत्राचा!

मालक म्हणतात, आम्ही त्याला जा म्हणालो नव्हतो. बरोबर. पण न गेल्यास पुढचे काम मिळणार नाही, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. पोटाची सक्ती हुकमापेक्षा कमी नसते.

म्हणून मागण्या साध्या आहेत. धोक्याच्या जागी पाठवण्याआधी शिक्षण, शिरस्त्राण व चिलखती जाकीट द्या. पगारी असो वा बातमीवर पैसे घेणारा असो, त्याचा, आणि त्याच्याबरोबरच्या कॅमेरावाल्याचा व वाहनचालकाचाही, विमा उतरवा. आणि ‘मी जाणार नाही’ म्हणणाऱ्याचे काम काढून घेऊ नका.

या मागण्या पत्रकारांनी संघटित होऊन केल्या पाहिजेत, हे खरे. पण वाचकांनी त्या त्यांच्यावरच सोडू नयेत. आपण गिऱ्हाईक आहोत, आणि गिऱ्हाइकाचा शब्द मालकाला ऐकू येतो. आपल्या तालुक्याच्या बातमीदाराला भेटाल तेव्हा एवढेच विचारा: “बाबा रे, तुझा विमा कोणी उतरवला आहे का?” तो हसला, तर त्या हसण्याचा अर्थ त्याच्या पत्राच्या संपादकांना पत्र लिहून कळवा.